चुकांची रोजनिशी

मराठी ग्रंथांच्या अखेरीस असणारे शुद्धिपत्र सहसा कोणी वाचत नाही. पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध अशा चार रकान्यांत ते उरकलेले असते. आणि ज्याच्यासाठी ते छापायचे तो वाचक तोवर पुस्तक मिटून मोकळा झालेला असतो. आम्ही साहित्याचे विद्यार्थी, त्यातही पाठचिकित्सेच्या आडवाटेला गेलेले, त्यामुळे शुद्धिपत्रे वाचण्याची खोड आम्हांस लागली आहे. ती वाचताना एक उणीव नेहमी जाणवते. चूक कोणती हे शुद्धिपत्र सांगते, ती का झाली हे सांगत नाही. 'मत'च्या जागी 'मन' पडले ते जुळाऱ्याच्या हातून, लेखकाच्या गिचमिड अक्षरामुळे, की लिहितेवेळी लेखकाच्या डोक्यात दोन्ही शब्द होते म्हणून, हे कळण्यास मार्ग उरत नाही.

या उणिवेला आम्हांस ठाऊक असलेला एक ठळक अपवाद आहे, आणि तो साहित्याच्या प्रांतातला नाही. १९८९ साली 'सॉफ्टवेअर : प्रॅक्टिस अँड एक्स्पीरियन्स' या नियतकालिकात स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डॉनल्ड कनूथ यांचा सुमारे ८० पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. (आडनावातला आरंभीचा 'क' उच्चारावयाचा असतो, यावर त्यांचा कटाक्ष आहे.) निबंधाचा विषय त्यांनी स्वतः लिहिलेल्या एका आज्ञावलीतील चुका हा होता. परिशिष्ट म्हणून त्यांनी आपली एक वहीच छापून टाकली. १९७८ पासूनच्या दहा वर्षांत त्या आज्ञावलीत जे जे दुरुस्त करावे लागले त्याची क्रमवार नोंद तीत होती. नोंदी ८५० हून अधिक. संगणकशास्त्राचे अभ्यासक हा निबंध आज्ञावलीच्या उत्क्रांतीचा अभ्यास म्हणून वाचतात. आम्हांस तो एका प्रोग्रॅमरच्या रोजच्या जगण्याचा दस्तऐवज वाटतो, आणि त्याच दृष्टीने त्याचा इतिहास येथे मांडावयाचा आहे.

प्रथम माणसाविषयी थोडेसे. कनूथ यांचा जन्म १९३८ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरी झाला. वडील ल्यूथरन पंथीयांच्या शाळेत हिशेबलेखन शिकवीत आणि जोडीला छपाईचा लहानसा उद्योग चालवीत. मुलगा आठवीत असताना एका मिठाईवाल्या कंपनीने स्पर्धा लावली : 'झीगलर्स जायंट बार' या नावातील अक्षरे घेऊन जास्तीत जास्त इंग्रजी शब्द बनवा. या पठ्ठ्याने पोटदुखीचे निमित्त करून शाळा बुडविली, जाडजूड शब्दकोश पुढ्यात ओढला आणि ४,५०० हून अधिक शब्द काढून दाखविले. परीक्षकांच्या स्वतःच्या यादीत सुमारे २,५०० च होते. छापखान्याच्या शाईचा वास आणि यादी संपेपर्यंत उठायचे नाही हा हट्ट, या दोन गोष्टी पुढे पुन्हा भेटणार आहेत.

१९५६ साली तो क्लीव्हलंडच्या केस तंत्रसंस्थेत पदार्थविज्ञान शिकावयास गेला आणि तेथे आयबीएम ६५० या यंत्राच्या नादी लागला. फिरत्या ढोलावर दहा अंकी २,००० संख्या मावतील एवढीच या यंत्राची स्मरणशक्ती. रात्री विद्यार्थ्यांना ते स्वतः हाताळता येई, ही त्या काळी दुर्मीळ मोकळीक होती. अभ्यासक्रम असा काही नव्हताच. शिक्षक म्हणजे यंत्रासोबत आलेली पुस्तिका. तीत नमुन्यादाखल छापलेल्या आज्ञावल्या वाचून या मुलास वाटले, हे तर आपणही याहून बरे लिहू. पुढे अनेकदा त्यांनी सांगितले आहे की, ती पुस्तिका निर्दोष असती तर आपण या वाटेला लागलोच नसतो. दुसऱ्याच्या लेखनातील उणेपणाने धीर येऊन लेखणी उचलणे हे काही केवळ संगणकवाल्यांचे वैशिष्ट्य नव्हे. आमच्यापैकी कितीजण पहिली कविता लिहावयास असेच बसले हे ज्याचे त्याने आठवावे. १९५८ च्या सुमारास त्याने महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघासाठी प्रत्येक खेळाडूचे खरे योगदान मोजणारी आज्ञावली लिहिली आणि त्या उपद्व्यापाची बातमी 'न्यूजवीक'पर्यंत पोहोचली. रीतसर शिक्षण एकीकडे आणि खरे शिकणे रात्रीच्या आवडत्या उद्योगांतून, ही घडी तेथे बसली ती कायमची.

१९६२ साली, अद्याप डॉक्टरेटही झालेली नसताना, एका प्रकाशनसंस्थेने त्यांस एक पुस्तक लिहावयास सांगितले. पुस्तकाची १२ प्रकरणे ठरली. १९६५ पर्यंत हस्तलिखित ३,००० पानांवर गेले तेव्हा सर्वांच्या ध्यानी आले की हे एक पुस्तक नव्हे. सात खंड करावयाचे ठरले. 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या नावाने पहिला खंड १९६८ साली, दुसरा १९६९ साली आणि तिसरा १९७३ साली निघाला. पहिला खंड त्यांनी कोणा व्यक्तीला अर्पण न करता त्या जुन्या ६५० यंत्राला अर्पण केला आहे. १९७४ साली त्यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च समजला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. वय ३६. चौथा खंड लिहावयाचा होता, आणि त्यासाठी दक्षिण अमेरिकेत वर्षभर जाऊन राहण्याचा बेतही ठरला होता.

तो बेत मुद्रितांनी मोडला. दुसऱ्या खंडाची सुधारित आवृत्ती निघावयाची होती. पहिल्या आवृत्त्या शिशाच्या ओतीव खिळ्यांनी, मोनोटाइप यंत्रावर जुळविलेल्या; गणिताची जुळणी करणारे ते जाणते कारागीर तोवर कमी झाले होते आणि प्रकाशक फोटोच्या साहाय्याने होणाऱ्या नव्या जुळणीकडे वळला होता. १९७७ च्या मार्चअखेर नवी मुद्रिते आली. अक्षरांतील अंतरे बिघडलेली, चिन्हे विजोड. ज्यावर पंधरा वर्षे घालविली तो ग्रंथ असा दिसणार असेल तर पुढचे खंड लिहिण्याची इच्छाच उरणार नाही, असे त्यांना झाले. ही प्रतिक्रिया कोणास अतिरेकी वाटेल. ज्याने आपल्या पहिल्या पुस्तकाची पहिली प्रत हाती घेऊन वेलांट्या तुटलेल्या पाहिल्या आहेत त्यास वाटणार नाही.

याच्या थोडेच आधी एक योगायोग घडला होता. पॅट्रिक विन्स्टन यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरील पुस्तकाची मुद्रिते त्यांच्या पाहण्यात आली होती. ती अंकीय यंत्रावर काढलेली होती. म्हणजे प्रत्येक अक्षर अतिसूक्ष्म ठिपक्यांचे बनलेले. ठिपका आहे किंवा नाही, शाई किंवा कोरा कागद, एक किंवा शून्य. असे असेल तर पान सुंदर दिसणे हा ओतारी आणि जुळारी यांचा प्रश्न न राहता शून्य-एकाचे गणित जाणणाऱ्याचा प्रश्न झाला. आणि मग तो दुसऱ्यावर सोपविण्यास निमित्त उरले नाही. दक्षिण अमेरिका रद्द झाली. रजेचे ते वर्ष या कामास द्यावे, वर्षात ते संपेल, मग चौथा खंड आहेच, असा हिशेब त्यांनी केला. हत्याराचे गिऱ्हाईक बहुधा दोघेच, स्वतः आणि आपली सचिव, अशी त्यांची कल्पना होती.

काम संपावयास दहा वर्षांहून अधिक काळ लागला.

या हत्याराचे नाव 'टेख'. ग्रीक 'तेख्ने' या शब्दाची पहिली तीन अक्षरे. कला आणि कारागिरी या दोहोंसाठी ग्रीकांना एकच शब्द पुरत असे. १९७७ च्या मे महिन्यात कनूथ यांनी रात्र जागून एक टिपण लिहिले, ते फ्रँक लियांग आणि मायकेल प्लास या दोन विद्यार्थ्यांच्या हाती दिले आणि ते उन्हाळ्यात चीनच्या प्रवासास गेले. कल्पना अशी की, आराखडा तयार आहे, मुलांनी तो आज्ञावलीत उतरवावा. परत येऊन पाहतात तो मुलांनी थोडाच भाग, पण उत्तम उतरविला होता. आणि जेथे त्यांचे पाऊल अडले होते तेथे टिपणच मुके होते. दोनतीन महिने सतत विचार करून लिहिलेल्या मजकुरात इतक्या रिकाम्या जागा असाव्यात याचे त्यांना नवल वाटले. आज्ञावली स्वतः लिहावयास बसल्यावर कळले की, दर थोड्या वेळाने एखादा बारीकसा निर्णय घ्यावा लागतो आणि तो घेण्याचा अधिकार आराखडा करणाऱ्याखेरीज कोणास नसतो. ज्याने रचना केली त्यानेच ती प्रत्यक्ष लिहावी, त्यानेच ती वापरावी आणि तिची पहिली मार्गदर्शिकाही त्यानेच लिहावी, हा धडा त्यांनी पुढे वारंवार सांगितला.

आज्ञावली त्यांनी आधी हाताने कागदावर लिहून काढली. ती यंत्रात घालून चालवून पाहण्याचा काळ आला तो १९७८ चा मार्च. १० मार्चपासून त्यांनी वही घातली : जी जी चूक सापडेल ती टिपावयाची. एकही लपवावयाची नाही.

या वहीत दिवसाचे चित्र कसे उमटते? वर्णन असे कोठेच नाही. खिडकीबाहेरचे कॅलिफोर्नियातले ऊन नाही की घरच्या गोष्टी नाहीत. क्रमांक, चुकीचे चारसहा शब्दांत स्वरूप, आणि शेजारी वर्गवारीचे एक अक्षर, एवढेच. तथापि ओळीने शंभरएक नोंदी वाचल्या की त्या मौनातून माणूस दिसू लागतो. प्रारंभी नोंदींची झुंबड आहे. यंत्र पहिले पाऊल टाकते आणि अडखळते, दुरुस्ती होते, दुसरे पाऊल टाकते आणि पुन्हा अडखळते. कोणत्याही प्रोग्रॅमरचा दिवस असाच जातो. बाहेरच्यांना वाटते की हे लोक दिवसभर नवे लिहीत असतात. वास्तविक त्यांचा बहुतेक वेळ आपणच काल लिहिलेले आज वाचण्यात आणि त्यात आपण असे का लिहिले याचा शोध घेण्यात जातो.

वहीतील खरी कमाई म्हणजे ती वर्गवारी. इंग्रजी वर्णमालेतील अक्षरे घेऊन कनूथ यांनी १५ वर्ग केले. त्यांतले नऊ चुकांचे आणि सहा सुधारणांचे. साधा टंकनदोष हा एक वर्ग. आपण जे करणार होतो ते करावयाचे विसरलो, हा दुसरा. आज्ञावलीच्या एका भागाने दुसऱ्याशी बोलण्याचे जे संकेत आपणच ठरविले, ते आपणच मोडले, हा तिसरा. आज्ञा ज्या भाषेत लिहावयाच्या ती भाषाच नीट उमगली नव्हती, हा आणखी एक. पण आम्हांस सर्वांत बोलका वाटला तो घोडचुकीचा वर्ग : काय लिहावयाचे हे ठाऊक होते, तरी हाताने भलतेच लिहिले, 'मोठे' हवे तेथे 'लहान' केले, आणि जे लिहिले ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्याने यंत्राने निमूटपणे स्वीकारले. हा मनाचा टंकनदोष. पाठचिकित्सकाला लेखनिकाच्या हातचे असे पाठ पदोपदी भेटतात. शब्द अर्थपूर्ण, वाक्य शुद्ध, फक्त लेखकास ते म्हणावयाचे नव्हते. अशा जागी आम्ही दहा पोथ्या ताडून अनुमानाने बोलतो. येथे लेखक स्वतःच उठून कबुली देतो.

आणखी एक वर्ग आहे अनपेक्षिताचा. प्रत्येक भाग आपापल्या जागी बरोबर, परंतु ते एकत्र आल्यावर असे काही घडते की मूळची कल्पनाच बदलावी लागते. कनूथ यांच्या लेखी हा वर्ग सर्वांत क्लेशकारक, कारण येथे हात किंवा स्मृती चुकलेली नसते, समजूतच चुकलेली असते. चुका दुरुस्त करताना अपराधी वाटे आणि सुधारणा करताना पुण्य केल्यासारखे वाटे, अशा अर्थाचे त्यांनी निबंधात लिहिले आहे. कनूथ धर्मनिष्ठ ल्यूथरन. त्यांच्या वहीत पापनिवेदनाचा सूर ऐकू येतो तो आमच्याच कानांचा खेळ असेल असे वाटत नाही.

सुधारणा सुचण्याचे स्थान कोणते, हेही वहीवरून कळते. कनूथ यांनी दुसऱ्या खंडाची सुधारित आवृत्ती स्वतःच्याच हत्याराने जुळवावयास घेतली. पान जुळविता जुळविता काही अडे, मग हत्यारात बदल, मग पुढचे पान. कोणत्याही नियोजनात न सुचलेल्या गोष्टी खऱ्या मजकुराने सुचविल्या. या काळातच परिच्छेदाच्या ओळी तोडण्याची पद्धत ठरली. प्लास यांच्यासह तिच्यावर लिहिलेला निबंध १९८१ चा. खिळेजुळारी ओळीमागून ओळ भरीत जातो. एक ओळ भरली की ती झाली. टेख पूर्ण परिच्छेद एकदम विचारात घेते. सातवी ओळ फार विरळ होणार असेल तर ती दुसरी ओळ बदलून पाहते. गद्यलेखकाच्या पुनर्लेखनाशी याचे असलेले साम्य आम्ही वर्गात नेहमी सांगतो आणि विद्यार्थी दरवेळी शंकेने पाहतात.

अक्षरे बनविण्यासाठी 'मेटाफॉन्ट' हे दुसरे हत्यार. त्यात रोमन 'एस' या अक्षराने त्यांचा अंत पाहिला. वळणाचे गणित बसेना. तीन दिवस आणि तीन रात्री गेल्या. पत्नी जिल यांनी ती अक्षरे पाहून विचारले, याला 'एस'चा आकार का देत नाहीस? १९८० साली त्या एका अक्षरावर कनूथ यांनी एक सबंध गणिती निबंध लिहिला, यावरून प्रश्न किती वर्मी लागला होता हे ध्यानी यावे. आणि इतके करून १९८१ साली दुसऱ्या खंडाची छापील प्रत हाती आली तेव्हा? ते निराश झाले. ज्यासाठी चार वर्षे मोडली ते पान अजूनही डोळ्यांस खुपत होते. मग हर्मन झाफ, मॅथ्यू कार्टर, चार्ल्स बिगलो, रिचर्ड साउथॉल अशा जाणत्या अक्षरकारांकडे त्यांनी शिष्यत्व पत्करले आणि अक्षरे पुन्हा नव्याने काढली. ट्युरिंग पुरस्कार मिळालेला प्राध्यापक चाळिशी ओलांडल्यावर अक्षरांची जाडी शिकावयास बसतो, हे दृश्य आम्हांस त्या पुरस्काराहून मोठे वाटते.

दरम्यान टेखचे वापरणारे दोनाचे पुष्कळ झाले होते. जुनी आज्ञावली स्टॅनफर्डच्या यंत्रांना बांधलेली, म्हणून ती मुळापासून पुन्हा लिहिणे भाग पडले. ही १९८२ ची टेख. पुनर्लेखनापूर्वीची एक घटना साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. इंग्रज संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी कनूथ यांना सुचविले की, विद्यार्थ्यांनी वाचावी म्हणून तुमची सबंध आज्ञावली प्रसिद्ध करा. कनूथ चपापले. प्राध्यापक वर्गात चारदोन ओळींच्या देखण्या आज्ञावल्या दाखवितो. हजारो ओळींची खरीखुरी, ठिगळे लावलेली आज्ञावली चारचौघांत मांडावयाची म्हणजे काय? पण त्या धास्तीतूनच त्यांनी एक लेखनपद्धती शोधली. आज्ञावली यंत्राच्या सोयीच्या क्रमाने लिहावयाची नाही. माणसाला समजेल त्या क्रमाने, निबंधासारखी लिहावयाची. आधी गद्यात विवेचन, मग त्या विवेचनाची आज्ञारूप ओळ, पुन्हा विवेचन. अशा लेखातून एक साधन माणसासाठी छापावयाचा ग्रंथ 'विणते' आणि दुसरे साधन यंत्रासाठी आज्ञांचा 'गुंता' करते. या व्यवस्थेस त्यांनी 'वेब' म्हणजे कोळ्याचे जाळे असे नाव दिले. जगभरचे जाळे तेव्हा जन्मास यावयाचे होते. १९८४ साली या पद्धतीवर निबंध आला आणि १९८६ साली टेखची संपूर्ण आज्ञावली शेकडो पानांचा सूचीयुक्त ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाली.

आज्ञावली हे साहित्य असेल तर तिला समीक्षकही हवा. तो त्याच वर्षी भेटला. जॉन बेंटली यांनी आपल्या सदरात कनूथ यांना एक गणित घातले : मजकुरातील सर्वाधिक वेळा येणारे शब्द त्यांच्या वारंवारतेसह काढून दाखवा. कनूथ यांनी आपल्या पद्धतीने पृष्ठेच्या पृष्ठे भरणारी, सजविलेली, विवेचनयुक्त आज्ञावली लिहिली. परीक्षणासाठी ती बेल प्रयोगशाळेच्या डग मॅकिलरॉय यांच्याकडे गेली. त्यांनी तिच्या कारागिरीची मनापासून प्रशंसा केली आणि मग युनिक्समधील तयार साधने एकापुढे एक जोडून तेच काम सहा आज्ञांत करून दाखविले. मॅकिलरॉय यांचा आक्षेप असा की, साधी गरज असता मूळ धातूपासून दागिना घडविणे हे शहाणपण नव्हे. या वादात कोण जिंकला हे आजही लोक आपापल्या स्वभावाप्रमाणे ठरवितात. आमचा कौल मॅकिलरॉय यांच्या बाजूस झुकतो. परंतु हेही खरे की, त्या सहा आज्ञा वाचून कोणी प्रोग्रॅम लिहिणारा कसा विचार करतो हे शिकणार नाही. ते शिकावयाचे तर कनूथ यांचीच पाने उघडावी लागतात.

येथे आमच्या मनातील एक किंतु नोंदविणे आवश्यक आहे. कनूथ यांची ही चूकवही उमदी आहे खरी, पण तसे उमदे होणे त्यांना परवडणारे होते. कायम नोकरी, हाताशी हुशार विद्यार्थी, कामाचा मालक स्वतःच. पुण्याच्या हिंजवडीत बसून दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या, कधी नावही ठाऊक नसलेल्या माणसाच्या आज्ञावलीत रात्री दुरुस्त्या करणाऱ्या तरुणाने अशी वही घातली तर ती वर्षअखेरच्या मूल्यमापनात त्याच्याविरुद्धच वाचली जाईल. आमचा एक जुना विद्यार्थी, मराठी घेऊन बी.ए. झालेला आणि मग या व्यवसायात गेलेला, त्याला आम्ही या निबंधाविषयी सांगितले. तो हसला. म्हणाला, "सर, आमच्याकडे चूक कोणाची हे आधी ठरतं, चूक काय होती ते मग." घरी मात्र तो रात्री मराठी शुद्धलेखन तपासणारे काहीतरी स्वतःपुरते लिहीत असतो, आणि त्याच्या त्या कामाची वही आहे. तिच्यात वर्गवारीही आहे. आम्हांस ती त्याने दाखविली नाही.

आज सर्व बदल आपोआप जपणारी साधने प्रोग्रॅमरांच्या हाती आहेत. १९७२ पासून ती या ना त्या रूपात होती, आणि २००५ साली लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिहिलेल्या 'गिट'ने ती घरोघरी नेली. कोणत्या दिवशी, कोणी, कोणती ओळ बदलली हे आता अक्षरशः मिटत नाही. संगणकावर लिहिणाऱ्या कादंबरीकारांचे खर्डे नाहीसे होत आहेत म्हणून आम्ही हळहळतो. प्रोग्रॅमरांचे खर्डे मात्र डोंगराएवढे साठत आहेत. तरीही कनूथ यांच्या वहीची जागा ती साठवण घेऊ शकत नाही. बदल कोणता, हे तेथे आहे. बदलाच्या शेजारी 'हे मला ठाऊक होते तरी मी चुकलो' किंवा 'माझी समजूतच खोटी होती' असे सांगणारे अक्षर यंत्र आपण होऊन लिहीत नाही. पुन्हा शुद्धिपत्राचे चार रकाने आले, इतकेच.

आपल्या लिपीचा या कथेशी संबंध लवकरच आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी निगडित असलेले पिजुश घोष यांनी १९८३ साली स्टॅनफर्डमध्ये भारतीय लिप्यांच्या अक्षररचनेवर व जुळणीवर एक अहवाल लिहिला. १९९१ साली नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठातील फ्रान्स व्हेल्थाउस यांनी मेटाफॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे काढली. त्यांच्यामुळे जोडाक्षरांसह नागरी मजकूर टेखमधून छापता येऊ लागला. पुढे २००४ पासून जोनाथन क्यू यांच्या 'झीटेख'मुळे युनिकोड मराठी थेट लिहिता आली. खिळ्यांच्या काळात नागरीसाठी जुळाऱ्यापुढे शेकडो खणांचा पसारा मांडावा लागे. आमच्यापैकी ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना 'श्र' किंवा 'क्ष्म' पडद्यावर विनासायास उमटताना पाहून अजूनही हात आखडता घेतल्यासारखे होते.

हिशेबाची दुसरी बाजू राहिली. तिसरा खंड १९७३ चा आणि चौथ्या खंडाचा पहिला भाग २०११ चा. दुसरा भाग २०२२ साली आला. मधली ३८ वर्षे सर्वस्वी टेखने खाल्ली असे म्हणता येणार नाही, कारण विषयही त्या काळात अफाट वाढला. तरी एका वर्षाचे म्हणून घेतलेले जोडकाम मुख्य कामाच्या मधोमध दहा वर्षे पसरले हे खरेच. १ जानेवारी १९९० पासून कनूथ यांनी ई-मेल बंद केला आणि काही वर्षांतच अध्यापनातूनही लवकर निवृत्ती घेतली, ती खंड पुरे करण्यासाठी. ज्ञानकोशकार केतकरांचे उदाहरण मराठी वाचकास येथे आठवेल. परंतु केतकरांनी कोश पुरा केला आणि त्यासाठी छापखाना उभारला, अक्षरे कोरावयास ते बसले नाहीत.

टेखमध्ये चूक दाखवून देणारास कनूथ धनादेश पाठवीत. पुस्तकातील चुकीस २ डॉलर ५६ सेंट, म्हणजे सोळाच्या पटीत मोजणाऱ्यांचा एक डॉलर. टेखच्या चुकीची रक्कम वर्षागणिक दुप्पट होत ३२७ डॉलर ६८ सेंटांवर थांबविली. बहुतेकांनी ते धनादेश वटविण्याऐवजी चौकटीत बसवून भिंतीवर टांगले. २००८ साली धनादेशांवरील खाते क्रमांकांचा गैरवापर होऊ लागल्यावर त्यांनी खरे धनादेश बंद केले आणि 'सॅन सेरिफ' नावाच्या बेटावरील बँकेची प्रमाणपत्रे देण्यास आरंभ केला. हे बेट 'गार्डियन' या वृत्तपत्राने १ एप्रिल १९७७ रोजी वाचकांना बनविण्यासाठी निर्माण केलेले. सगळी गावे छपाईच्या परिभाषेतील नावांची. म्हणजे ती नकोशी मुद्रिते आली त्याच आठवड्यातले.

१९९० साली त्यांनी जाहीर केले की टेखमध्ये यापुढे नवे काही घालावयाचे नाही, फक्त चुका सुधारावयाच्या; आणि प्रत्येक सुधारणेगणिक आवृत्तिक्रमांक 'पाय' या संख्येच्या एकेक अंकाने पुढे न्यावयाचा. आपल्या मृत्यूनंतर क्रमांक 'पाय'च करावा आणि मग एकही अक्षर बदलू नये, उरलेल्या चुका हा संहितेचा भाग समजावा, अशी त्यांची सूचना आहे. साचलेल्या तक्रारी काही वर्षांच्या अंतराने एकदम पाहावयाच्या असा क्रम त्यांनी लावून घेतला. २०१४ साली त्या पाहिल्या, मग २०२१ साली पाहिल्या आणि क्रमांक ३.१४१५९२६५३ झाला. वहीत भर पडली. पुढील तपासणी २०२९ साली ठरली आहे. तेव्हा ते ९१ वर्षांचे असतील.